टाइप १ असलेलं मूल आणि सुट्टीतलं शिबिर: निवासी, एक दिवसाचं की चारचौघांसारखं?

परीक्षा संपल्या की सांगली-साताऱ्यात शिबिरांचे फॉर्म हातोहात फिरू लागतात. टाइप १ मधुमेह (यात शरीर साखर उतरवणारं इन्सुलिन बनवत नाही, ते रोज टोचावं लागतं) असलेल्या मुलाच्या आई-वडिलांपुढे साधारण तीन वाटा असतात. एक, फक्त टाइप १च्या मुलांचं तीन-चार दिवसांचं निवासी शिबिर, शक्यतो पाचगणी-महाबळेश्वरच्या थंड हवेत. दुसरी, रुग्णालयात किंवा एखाद्या सभागृहात होणारा एक दिवसाचा मेळावा. तिसरी, गल्लीतल्या बाकीच्या पोरांबरोबर पोहण्याचं किंवा गड चढण्याचं नेहमीचं शिबिर. फी आणि जेवणाची चौकशी सगळेच करतात. आधी विचारायला हवं ते वेगळंच: पहाटे ३ वाजता साखर तपासायला बोट कोण टोचणार, आणि आकडा ६२, म्हणजे कमी, आला तर पुढचं कोण ठरवणार?

दिवसभर पळालेले स्नायू रात्री रक्तातली साखर ओढून आपला साठा भरत असतात. टेबललँडवर संध्याकाळी ५ला हुंदडलेल्या मुलाची साखर मध्यरात्र ते पहाटे ४च्या दरम्यान घसरू शकते, तीही मूल गाढ झोपेत असताना. म्हणून जाणती निवासी शिबिरं पहिल्याच दिवशी इन्सुलिन साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरवतात (रात्रीचं १४ युनिट असेल तर १२), आणि झोपताना, १२ला व ३ला तपासणी करतात. "गरज पडली तर उठवतो" असं उत्तर मिळालं तर तिथे मूल ठेवू नये. गरज पडलीय हे तपासल्याशिवाय कळत नाही.

निवासी शिबिराची खरी कमाई म्हणजे मूल स्वतःची सुई स्वतः टोचायला शिकतं, कारण शेजारच्या गादीवरचं पोरही तेच करत असतं. घरी महिनोन्‌महिने सांगून जे होत नाही ते तिथे दोन दिवसांत होऊन जातं. आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलाला हे झेपतं. निदान होऊन दोन-तीन महिनेच झाले असतील तर मात्र घाई नको.

चुका होतात त्या सामानात. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं आणि पेनमधलं १०० युनिटचं (दोन्ही एका मिलिलिटरमध्ये). ४०च्या बाटलीतून १००च्या सिरिंजने १० रेघा ओढल्या तर जातात फक्त ४ युनिट. उलटं झालं, १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये गेलं, तर १०च्या जागी २५ जातात, आणि ते जिवावर बेतू शकतं. शिबिराकडून औषध मिळणार असलं तरी मुलाची नेहमीची बाटली आणि तिच्याच सिरिंज सोबत द्या. तपासण्या दिवसाला ८ ते १० होतात, म्हणजे चार दिवसांना ४० पट्ट्या आणि वर १०.

प्रवासाचंही बघा. वाईत भरपेट नाश्ता, त्याचं इन्सुलिन, मग पसरणी घाटात उलटी: अन्न बाहेर, इन्सुलिन आत. गाडी लागणाऱ्या मुलाचं खाणं आणि जेवणाचं इन्सुलिन, दोन्ही घाट चढल्यावर. बेसल, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेलं रोजचं संथ इन्सुलिन, चुकवायचं नाही.

एक दिवसाच्या मेळाव्यात रात्र येत नाही, त्यामुळे मुलाची परीक्षाही होत नाही. पण तिथे आजीला नेता येतं, आणि स्वयंपाक तिच्या हातात असेल तर ही मोठी गोष्ट. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात, आंब्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १५. हे वजनकाट्यावर एकदा पाहिलं की "वाटीभर रसाने काय होतंय" हा वाद मिटतो. लहान मूल किंवा नवं निदान असेल तर आमचा कौल इकडेच.

नेहमीच्या शिबिराला आमचा विरोध नाही. मित्र तिथेच असतात, आणि मुलाला तेच हवं असतं. फक्त ते दिवसापुरतं असावं आणि एका ताईला किंवा सरांना नाव घेऊन जबाबदारी दिलेली असावी. "सगळ्यांना सांगितलंय" म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. त्यांना एक पानभर कागद द्या: घाम, थरथर, चिडचिड किंवा गप्प बसणं दिसलं की लगेच तपासा, ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला उशीर लागतो. "दमलाय, झोपू दे" ही सगळ्यात घातक दयाबुद्धी. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉन (साखर झटकन चढवणारं इंजेक्शन) असेल आणि शिकवलेलं असेल तर टोचायचं, १०८ला फोन.

पोहण्याचं शिबिर असेल, मग ते कृष्णेत असो की तलावात, साखर ९०च्या खाली असताना पाण्यात उतरायचं नाही. २५०च्या वर असेल तर आधी लघवीत किंवा रक्तात किटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे घातक पदार्थ) तपासा. निघाले तर त्या दिवशी खेळ बंद. पाण्यात साखर उतरलेली बाहेरून ओळखू येत नाही, म्हणून अर्ध्या तासाने बाहेर बोलावून तपासावं.

सांगलीच्या उन्हात इन्सुलिन गाडीच्या डिकीत राहिलं तर वाया गेलंच समजा. बर्फाला चिकटून गोठलं तरी तेच. मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू घालून आतल्या मडक्यात डबीबंद बाटली ठेवली की ती बऱ्यापैकी थंड राहते. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची.

निवासी शिबिरातून परतताना रोजच्या डोसांची वही मागून घ्या. तिथे उतरवलेलं इन्सुलिन घरी तसंच चालू राहिलं, त्यात पळापळ थांबली आणि आमरस सुरू झाला, की आठवडाभर आकडे ३००च्या घरात दिसतात. डोस कधी आणि किती परत वाढवायचा, हे निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांकडून त्याच वहीत लिहून घ्या.