एनमॅप: ऑफिसच्या नेटवर्कवर काही महिने चालवल्यानंतर

एनमॅप म्हणजे नेटवर्कवरची मशिन आणि त्यांचे उघडे पोर्ट (सेवा ज्यांवरून चालतात ती क्रमांकित दारं) शोधणारं साधन. आधी तक्रार. काहीही पर्याय न देता चालवलं, तर एनमॅप ६५,५३५ पैकी सर्वाधिक वापरातले १,००० टीसीपी (कनेक्शन जोडून बोलण्याची पद्धत) पोर्टच तपासतं. कुणी डेटाबेस भलत्याच पोर्टवर बसवला असेल तर रिपोर्ट स्वच्छ येतो आणि सगळे खूश. सर्व्हरच्या रेंजवर तरी '-पी-' लावून सगळे पोर्ट बघाच.

रूट किंवा अ‍ॅडमिन हक्क असतील तर सिन स्कॅन, म्हणजे कनेक्शन पूर्ण न जोडता चाचपणी होते: सिन (जोडणीची विनंती) गेला, सिन-अ‍ॅक (होकार) आला की पोर्ट उघडा, आरएसटी (नकार) आला की बंद, काहीच आलं नाही तर 'फिल्टर्ड'. हक्क नसतील तर पूर्ण कनेक्शन जोडलं जातं आणि अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये कचरा साचतो. सिन स्कॅन गुपचूप होतो हा समज जुना झाला. धड लावलेला आयडीएस (घुसखोरी ओळखणारी यंत्रणा) तो लगेच पकडतो. तुमच्या स्कॅनवर एकही अलर्ट वाजला नाही, तर खरी त्रुटी तिथेच आहे.

'फिल्टर्ड' म्हणजे सुरक्षित, असं धरून चालू नका. या जागेवरून उत्तर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे एकाच सर्व्हरवरून स्कॅन करण्यात फार हशील नाही. अकाउंट्सच्या व्हीलॅनमधून (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग), गेस्ट वायफायवरून, व्हीपीएनवरून, बाहेरून असा वेगवेगळा स्कॅन लावा. गेस्ट वायफायवरून आतल्या सर्व्हरचा ४४५ (फाइल शेअरिंग) किंवा ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) उघडा दिसला, तर बाकीचं काम बाजूला ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर ४४५ वरूनच पसरला होता.

आणखी एक फसगत: एकाच लॅनमध्ये मशिन एआरपीने (लॅनमधल्या पत्त्यांची विचारपूस) शोधली जातात, त्यामुळे पिंगला उत्तर न देणारा पीसीही सापडतो. मध्ये राउटर आला की तोच पीसी 'डाउन' दिसतो. तिथे '-पीएन' (आधी न शोधता थेट स्कॅन) द्या, मात्र रिकाम्या पत्त्यांवर वेळ जाणार हे धरूनच.

वेगासाठी लॅनवर टी४ हा स्तर पुरतो. टी५ दोन पुनर्प्रयत्नांत हात टेकतो आणि १५ मिनिटांत न संपलेलं मशिन सोडून देतो, म्हणजे घाईत अर्धवट माहिती. मध्ये जुना फायरवॉल असेल तर त्याचं सेशन टेबल (चालू कनेक्शनची यादी) भरून सगळ्यांचंच नेट अडकतं. तिथे '--मॅक्स-रेट' (वेगाची मर्यादा) घालून रात्री चालवा.

यूडीपी (कनेक्शन न जोडता पाठवण्याची पद्धत) ही डोकेदुखीच. बरीच लिनक्स मशिन 'पोर्ट बंद' हा आयसीएमपी निरोप सेकंदाला एकच देतात. सगळे पोर्ट घेतले तर एका मशिनला १८ तासांहून जास्त लागतात. ५३ (डीएनएस), १२३ (घड्याळाची वेळ), १६१ (एसएनएमपी, म्हणजे उपकरणांची देखरेख), ५०० (व्हीपीएन) एवढे घ्या. १६१ वर 'पब्लिक' ही कम्युनिटी (सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड) चालू असलेले स्विच हमखास निघतात.

'-एसव्ही' (सेवेचं व्हर्जन ओळखणारा स्कॅन) प्रिंटरचे ९१०० ते ९१०७ हे पोर्ट मुद्दाम वगळतं, कारण तिथे जे पाठवाल ते छापलं जातं. 'ऑलपोर्ट्स' देऊन ही सूट काढली की कागदाचे गठ्ठे बाहेर! फॅक्टरीतल्या पीएलसीवर (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) तर व्हर्जन स्कॅन नकोच, जुनी मशिन अडकतात. एनमॅपच्या स्क्रिप्टमध्ये 'सेफ' गट ठेवा. 'डॉस' (सेवा पाडू शकणारा) गट चालू सर्व्हरवर कधीच नाही.

सगळ्यात मोल एनडिफचं (दोन स्कॅनमधला फरक दाखवणारं साधन). दर आठवड्याला स्कॅनचा निकाल एक्सएमएल फाइलमध्ये साठवा, मागच्या फाइलशी ताडून बघा. काल नसलेला पोर्ट आज उघडा दिसला की कुणी उघडला ते विचारता येतं.

लेखी परवानगी आणि स्कॅनरचा आयपी सुरक्षा टीमकडे आधी द्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या यंत्रणांवरचं लक्ष्य ठरवून केलेलं स्कॅनिंग ६ तासांत कळवावं लागतं. तुमच्याच स्कॅनचा तसा रिपोर्ट जायला नको.