कोथरूडमधली आमची जिम, दीड वर्षानंतर

आधीच्या जिममध्ये वर्षाची फी एकदम भरून घेतली, जानेवारीत पाय ठेवायला जागा नसायची आणि मार्चमध्ये माझं जाणं सुटलं तर कोणाचा साधा फोनही नाही, याचं खरंच वाईट वाटलं होतं. इथं तसं नाहीये. सरांनी पहिल्या दिवशी वजन किती कमी करायचंय विचारलंच नाही, म्हणाले आठवड्यातले तीन वार ठरवा आणि या, वीस मिनिटं केलं तरी चालेल. २१ दिवसांत सवय लागते असं सगळे सांगतात पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला कमी कोणाला बरेच जास्त, म्हणून पहिले अडीच महिने सर नवीन लोकांवर जास्त लक्ष ठेवतात. दोन खाडे झाले की फोन येतो, "काय ओ, तब्येत बरीय ना?" बस एवढंच, ओरडत नाहीत. माझा गुडघा दुखत होता तेव्हा घरी बस म्हणाले नाहीत, स्क्वॉट बंद करून वरच्या अंगाचे व्यायाम दिले, त्यामुळे येणं तुटलं नाही. सकाळच्या बॅचचे काका-काकू तर आपली वाटच बघतात. संध्याकाळी सातनंतर बेंचसाठी थांबावं लागतं, पार्किंगची बोंब आहे. फी महिन्याला भरता येते.