एसी गार करीत नाही तेव्हा : कंपनीचा तंत्रज्ञ की तालुक्याचा मिस्त्री?

एसी चालू असूनही खोली गार होत नसेल, तर आतली जाळी धुणे आणि बाहेरच्या युनिटवर पाणी मारणे हे बहुतेकांनी आधीच केलेले असते. आपल्याकडे हरभरा-गव्हाची मळणी झाली की कुटाराचा बारीक भुगा त्या युनिटच्या पात्यांत घट्ट बसतो आणि बऱ्याच तक्रारी तेवढ्या धुण्यानेच मिटतात. त्यानंतरही गारवा येत नसेल, तर कंपनीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी की तालुक्याच्या मिस्त्रीला बोलवावे, हे ठरवावे लागते. मी वरूडकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात राहतो आणि दोन्हींचा अनुभव घेतला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. एसीची क्षमता बाहेरचे तापमान 35 अंश धरून ठरवलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. त्यामुळे टिनाखालच्या किंवा तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत भर दुपारी गारवा कमी वाटला, तर तो बिघाड असेलच असे नाही. एसीत शिरणारी हवा आणि त्यातून बाहेर पडणारी हवा यांत दहा अंशांच्या आसपास फरक पडत असेल, तर यंत्र आपले काम करीत आहे असे मी समजतो.

कंपनीच्या माणसाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. वॉरंटी शिल्लक असेल तर दुसऱ्याला यंत्र उघडू देणे शहाणपणाचे नाही. इन्व्हर्टर एसीवर एरर कोड दिसत असेल, तर पीसीबीचा (आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाचा) प्रश्न असू शकतो आणि त्या मॉडेलचा अस्सल पीसीबी बहुधा कंपनीकडूनच मिळतो. माझ्याकडे आलेला तंत्रज्ञ नम्र होता, हत्यारे नीट होती, पावतीही मिळाली.

अडचण वेळेची होती. आमचा एसी दिवसभर ठीक चालत असे. दिवेलागणीनंतर मात्र पंखा फिरत राही, वारा येई आणि त्या वाऱ्यात गारवा नसे. त्या वेळी गावातले सगळे कूलर एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) चालू असतात आणि लाइन खाली बसते, म्हणजे व्होल्टेज उतरते. कंपनीचा माणूस अमरावतीहून येणार, म्हणजे दुपारीच येणार. त्याने कॉम्प्रेसर सुरू होण्याआधी व्होल्टेज पाहिले, ते योग्य भरले. मग एसी लावला, तर गार हवा आली. "सध्या तर व्यवस्थित आहे, गॅस थोडा कमी असू शकतो," असे सांगून त्याने तक्रार बंद करण्यासाठी ओटीपी मागितला. रात्री पुन्हा तेच. पुन्हा तक्रार, पुन्हा दुपारची फेरी आणि पुन्हा ओटीपी. बिघाड ज्या वेळी दिसतो त्या वेळी तपासणारा समोर नसेल, तर त्याच्या कौशल्याचा उपयोग होत नाही, आणि माझ्यापुरता निर्णय या एकाच त्रासाने केला.

तालुक्याचा मिस्त्री दुकान बंद करून रात्री आला. एसी चालू ठेवूनच त्याने आधी मीटरपाशी आणि मग बाहेरच्या युनिटच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजले. मीटरपाशी 200 च्या वर असलेला आकडा युनिटपाशी 170 च्याही खाली आला होता. बोर्ड उघडल्यावर न्यूट्रलचा जोड काळा पडलेला दिसला. तारेवरचे प्लास्टिक वितळून स्क्रूला चिकटले होते. सैल जोडाचा असा दोष भार नसताना मोजून दिसतच नाही. दिवसा लाइन चांगली असल्यामुळे ही घट खपून जात होती. रात्री मुळातच लाइन खाली असल्याने कॉम्प्रेसरला पुरेसे व्होल्टेज मिळत नव्हते. त्याने जोड नव्याने केला आणि बोर्डापासून युनिटपर्यंत बारीक तारेऐवजी 4 चौरस मिलिमीटरची तार ओढली. गॅसला हात लावावा लागला नाही.

असे असले तरी सगळ्याच मिस्त्रींबद्दल मी हमी देणार नाही. न मोजताच "गॅस संपला" म्हणणारेही भेटतात. गॅस वापरून संपत नाही; तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असतेच, आणि ती बहुधा तांब्याच्या नळीच्या नटपाशी साबणाच्या फेसाने सापडते. गळती न शोधता वरून गॅस भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात तोच खर्च पुन्हा करावा लागण्याची शक्यता असते. म्हणून गळती शोधणार का, आणि नळीतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप व गॅस मोजून भरायला वजनकाटा आणणार का, हे फोनवरच विचारून घ्यावे. नव्या एसींतला आर-32 वायू काही प्रमाणात पेट घेणारा असल्यामुळे ही विचारपूस आणखीच गरजेची ठरते.

तेव्हा वॉरंटी चालू असेल किंवा एरर कोड दिसत असेल, तर कंपनीकडे जाणे मला योग्य वाटते. फक्त तक्रार नोंदवताना बिघाडाची वेळ आवर्जून लिहावी आणि एसी रात्री चालवून पाहिल्याखेरीज ओटीपी देऊ नये. वॉरंटी संपली असेल आणि गारवा संध्याकाळनंतरच जात असेल, तर मी स्वतः मिस्त्रीलाच फोन करेन आणि दिवस मावळल्यावर, मल्टिमीटर घेऊन या, असे त्याला सांगेन.