गावची पॅरिश काउन्सिल आणि रस्त्यावरचा स्पीड: साडेतीन स्टार, त्यातले दीड क्लार्कबाईंचे

लोक बॉयलर दुरुस्तीवाल्याचे रिव्ह्यू लिहितात, करी हाऊसचे लिहितात, मग म्हटलं जिचे पैसे आपण दरवर्षी काउन्सिल टॅक्समधून मुकाट भरतो त्या सर्व्हिसबद्दल पण कोणीतरी लिहायला हवं ना. पॅरिश काउन्सिलबद्दल बोलतोय, म्हणजे इथली ग्रामपंचायतच म्हणा. इंग्लंडमध्ये खेड्यात राहायला गेलेल्या किंवा जायचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे आहे, मोठ्या शहरातल्यांना याचा फारसा उपयोग नाही, पण वाचा, करमणूक होईल.

टॅक्सचं बिल नीट बघितलं तर काउंटी, डिस्ट्रिक्ट, पोलीस, फायर सगळ्यांच्या सोबत एक बारकी रक्कम असते, ती पॅरिशची, तिला प्रिसेप्ट म्हणतात. २०२४-२५ मध्ये इंग्लंडभर बँड डी (घराच्या किमतीवरून ठरणारा टॅक्सचा मधला गट) घरामागे ती वर्षाला सरासरी ८५ पौंडांच्या आसपास होती, आमच्याकडे त्याहून कमी आहे. या काउन्सिली १८९४ च्या कायद्याने सुरू झाल्या, आज दहा हजारांच्या घरात आहेत, आणि मेंबर लोक जवळपास सगळीकडे फुकट काम करतात, पगार असतो फक्त क्लार्कला, तोही छोट्या गावांत पार्टटाइमचा. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे मी बऱ्यापैकी किरकिर करणार आहे आणि आपण कोणावर किरकिर करतोय ते माहीत असलेलं बरं.

किरकोळ कामांना पूर्ण मार्क. मुलांचं खेळायचं मैदान, दफनभूमी, बस शेल्टर, कुत्र्यांच्या घाणीचे डबे, भाजी लावायचे अलॉटमेंट, सगळं व्यवस्थित. झोपाळ्याची साखळी तुटली होती, कळवलं, लगेच बदलली. विषय संपला.

खरा विषय रस्ता. गावातून एक बी रोड (ए रोडपेक्षा खालच्या दर्जाचा रस्ता) जातो, दोन्ही टोकांना साठची लिमिट (सगळे वेग ताशी मैलांत), मध्ये गावात तीस, आणि मोठ्या ए रोडवर ट्रॅफिक तुंबला की सॅटनॅव्ह सगळ्यांना आमच्या गावातून काढतं. कापणीच्या दिवसात ट्रॅक्टर-ट्रेलर, बारा महिने लॉऱ्या, फुटपाथ एकाच बाजूला आणि तोही चर्चच्या पुढे अचानक संपतो, तिथून पुढे हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, इतकी वाढलेली असते की बाबागाडी घेऊन चालणारी बाई सरळ रस्त्यावर येते. ब्रिटनमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त ग्रामीण रस्त्यांवर मरतात, त्यामुळे निवांत खेडं म्हणून रस्ता पण निवांत असेल असं धरून इथे घर घेऊ नका.

तर मीटिंगला जा. जायचा हक्क आहे, १९६० पासून कायद्याने आहे, आणि २०१४ पासून रेकॉर्डिंग पण करता येतं. बोलायचा हक्क मात्र कायद्यात नाही बरं का, तो काउन्सिल स्वतःच्या नियमांत देते, आमच्याकडे सुरुवातीला पंधरा मिनिटं पब्लिकची आणि माणशी तीन मिनिटं. २०२१ मध्ये चेशरमधल्या हँडफोर्थ पॅरिश काउन्सिलच्या झूम मीटिंगचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता ना, जॅकी वीव्हर बाई भांडणाऱ्या मेंबरांना शांतपणे बाहेर काढतात तो, तसं काही बघायला मिळेल म्हणून जाऊ नका, निराश व्हाल. थंडगार व्हिलेज हॉल, स्टॅकिंगच्या खुर्च्या, आणि आपल्याकडच्या ग्रामसभेतला आरडाओरडा तर अजिबात नाही, इथे माणूस चिडला की आवाज अजून खाली जातो.

आणि दर मीटिंगला रस्ता निघतोच. कोणीतरी नवीन येतं, उभं राहतं आणि तीन मागण्या करतं, स्पीड बम्प घाला, कॅमेरा बसवा, लिमिट वीस करा. चेअरमन आजोबा मान हलवतात, "आम्ही काउंटीला कळवू" म्हणतात, तो माणूस घरी जातो आणि परत कधी येत नाही. या सर्व्हिसचा सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो, कोणी समोरच्याला सरळ सांगतच नाही की बाबा रे, रस्ता आमचा नाहीये. रस्ता हायवे ऑथॉरिटीचा, म्हणजे काउंटी किंवा (जिथे काउंटी-डिस्ट्रिक्ट वेगळे नाहीत तिथे) युनिटरी काउन्सिलचा, मोठे ट्रंक रोड आणि मोटरवे नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीचे, स्पीड पकडायचं काम पोलिसांचं. पॅरिशच्या हातात त्यातला एक खडाही नाही. हे एका ए-फोर कागदावर छापून दारात ठेवलं तर अर्धी भांडणं मिटतील, मी तसं सुचवलं पण होतं, "चांगली कल्पना आहे" असं मिनिट्समध्ये आलंय आणि तिथेच राहिलंय.

बरं त्या तीन मागण्यांचं काय होतं ते मीच सांगतो. बम्प फक्त तीस किंवा त्याखालच्या लिमिटच्या रस्त्यावर घालता येतात आणि रस्त्यावर दिवे नसतील तर काउंटीवाले सहसा हात लावत नाहीत, आमच्या अर्ध्या गावात दिवेच नाहीत. शिवाय बम्प ज्याच्या खिडकीसमोर येतो तो माणूस पहिल्या रिकाम्या लॉरीनंतर विरोधी पक्षात जातो. कॅमेऱ्यासाठी आणि बहुतेक सगळ्याच कामांसाठी काउंटी आधी अपघाताचे आकडे बघते, आणि ते आकडे म्हणजे पोलिसांकडे नोंद झालेले, कोणालातरी इजा झालेले अपघात. कोपऱ्यावरच्या घराची भिंत कितीही वेळा पाडली गेली तरी माणूस जखमी नाही तर ती त्या हिशोबात नाही. हे ऐकून डोकं फिरतं, माझंही फिरतं. म्हणून लागलं असेल तर थोडंसंच लागलंय म्हणून सोडू नका, पोलिसांत कळवा.

वीसचं गणित वेगळं. सरकारच्या २०१३ च्या गाइडन्सप्रमाणे नुसत्या पाट्या लावून वीस करायचं तर तिथला सरासरी वेग आधीच चोवीस किंवा त्याखाली असायला हवा, म्हणजे जिथे लोक हळूच चालवतात तिथे हळू चालवायची पाटी. वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या दिव्यांच्या रस्त्यांवर वीस हीच नेहमीची लिमिट करून टाकली, इंग्लंडमध्ये ते नाही, त्यामुळे वेल्समधल्या मेव्हण्याचं उदाहरण मीटिंगमध्ये देऊ नका, सगळे देतात. आणि "तीसच्या पाट्या जागोजागी लावा" असं पण कोणीतरी म्हणतंच, तर जिथे दिव्याचे खांब दोनशे यार्डांच्या आत आहेत तिथे तीस आपोआपच असते आणि त्या पट्ट्यात मध्येमध्ये तीसच्या पाट्या लावायला नियमानेच बंदी आहे. नवीन ड्रायव्हरला हे कसं कळणार देव जाणे, पण नियम आहे.

मग पॅरिश काय कामाची? तर इथे क्लार्कबाई येतात. खरी सर्व्हिस म्हणजे त्याच. मेंबर येतात जातात, चेअरमन बदलतो, काउंटीत कोणाला फोन करायचा, कुठला फॉर्म, कुठल्या महिन्यात बजेट ठरतं हे सगळं या बाईंच्या डोक्यात. त्यांनी पहिल्याच ईमेलला मला लिहिलं की बम्प मागू नका, मोजणी मागा. १९९७ च्या कायद्याने पॅरिशला ट्रॅफिक शांत करायच्या कामात पैसे घालता येतात, काम काउंटीच करणार पण वर्गणी आपली, आणि वर्गणी असली की फाइल जरा वर सरकते. पुढचं सगळं त्यातूनच सुरू झालं.

मोजणी म्हणजे रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या ठोकतात, आठवडाभर, गाड्या त्यावरून जातात आणि वेग नोंदला जातो. (नळ्या ठोकायला आलेला माणूस गावात एवढा फेमस झाला की लोक चहा घेऊन गेले.) त्यानंतर पॅरिशने एसआयडी घेतलं, ते हसरा-रडका चेहरा आणि तुमचा वेग दाखवणारं मशीन, दोन ते चार हजार पौंडांच्या दरम्यान येतं, खांबाला लावायला काउंटीची परवानगी लागते. दंड वगैरे काही करत नाही, नंबर पण टिपत नाही. प्रॉडक्ट म्हणून विचाराल तर चार स्टार, पण एकाच खांबावर ठेवलं तर काही आठवड्यांत लोकांना त्याचं काही वाटेनासं होतं, दर दोन-तीन आठवड्यांनी हलवायला लागतं आणि ते हलवायला शिडी धरणारा माणूस लागतो. आमच्याकडे तो माणूस मिळेपर्यंत मशीन एका हेजकडे तोंड करून हसत होतं.

पण त्या मशीनच्या आत जो डेटा साठतो तो सोन्याचा आहे. गावात सगळ्यांची खात्री होती की दिवसभर सगळे पन्नासने जातात. तसं नव्हतंच. दिवसभराची सरासरी तीसच्या जरा वर, शाळेच्या वेळेला तर खालीच, कारण गाड्याच एवढ्या असतात. खरा गोंधळ सकाळी सहा-सातच्या दरम्यान, आणि तो एकाच दिशेने, कामाला जाणाऱ्यांचा. ही एक ओळ पोलिसांना पाठवली तेव्हा त्यांची कॅमेरा व्हॅन बरोबर त्या वेळेला येऊन उभी राहिली, आधी सकाळी अकराला यायची आणि काही नाही सापडलं म्हणून जायची. "खूप स्पीड असतो हो" असं वर्षानुवर्षं लिहिलेल्या पत्रांनी जे झालं नाही ते एका एक्सेल शीटने झालं.

कम्युनिटी स्पीडवॉचला तीन स्टार. आपल्यासारखेच लोक, पिवळी जॅकेटं, हातात रडार, पोलिसांनी मंजूर केलेल्या जागीच उभं राहायचं, आधी ट्रेनिंग. दंड नाही, गाडीमालकाला पोलिसांकडून पत्र जातं, परत परत सापडला तर पोलीस लक्ष घालतात. थंडीत उभं राहून पाय गोठतात, काही लोक हॉर्न मारतात, एखादा बोटं पण दाखवतो. सगळ्यात अवघड काय तर सापडलेल्यांत आपल्याच गल्लीतले निघतात, आणि यादीतले नाव गुपित ठेवायचं असतं तरी गावाला गाडी ओळखू येतेच की. पबमध्ये दोन आठवडे एक माणूस माझ्याशी बोलत नव्हता, आता बोलतो.

गावाच्या वेशीवर पांढरी लाकडी गेटं लावलीत, त्यांना काय स्टार द्यायचे कळत नाही. दिसतात छान.

आता किरकिर. अजेंडा मीटिंगच्या आधी तीन पूर्ण दिवस लावायचा असतो, लावल्याचा आणि मीटिंगचा दिवस, रविवार, बँक हॉलिडे न धरता. आमच्याकडे लागतो वेळेवर पण ज्या नोटीस बोर्डावर लागतो त्याची काच आतून धुरकट झालीये, टॉर्च लावून वाचावा लागतो. वेबसाइटवर शोधायला गेलात तर दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेचं पोस्टर आधी येतं. अजेंड्यात नसलेल्या विषयावर काउन्सिल ठराव करूच शकत नाही, हे बऱ्याच लोकांना तिथे जाऊन कळतं, मग "पुढच्या मीटिंगला घेऊ", म्हणजे गेला एक महिना. म्हणून आधी ईमेल करून विषय अजेंड्यावर घालून घ्या, नुसतं जाऊन बोलू नका. आणि प्लॅनिंगचा, म्हणजे बांधकाम परवानगीचा, विषय आधी आला तर रस्ता पावणेदहाला येणार हे धरून चाला, कोणाच्यातरी गॅरेजच्या छपरावर पाऊण तास बोलतात आणि त्यातही यांचं फक्त मत घेतात, निर्णय डिस्ट्रिक्टचा.

काउंटीच्या उत्तरांबद्दल काय लिहू. "आपली विनंती यादीत नोंदवली आहे." कुठली यादी, कितवा नंबर, विचारलं की परत तेच वाक्य. खड्ड्यांसाठी पॅरिशची वाटच बघू नका, स्वतः काउंटीच्या साइटवर किंवा फिक्समायस्ट्रीट या तक्रारींच्या साइटवर फोटो टाका, बाजूला नाणं किंवा बूट ठेवून, खोली कळायला हवी, बऱ्याच काउंट्या चार सेंटीमीटर झाल्याशिवाय खड्ड्याला खड्डा म्हणत नाहीत. हे काम पॅरिशमधून गेलं तर फक्त एक हात वाढतो.

सध्या स्थिती अशी की शेताच्या बाजूचा जो पट्टा साठचा आहे तो चाळीस करायची ऑर्डर एकदाची निघालीये, म्हणजे मसुदा. नियमाने किमान एकवीस दिवस हरकती घेतात, नोटीस खांबाला लावलीये, जाता येता वाचा. ज्यांना ती हवीय त्यांनी पण लिहा, कारण हरकतवाले लिहितातच आणि बाजूचे लोक घरी बसून हो म्हणतात.

शेवटचं, हे आपल्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे कायदेशीर राहत असाल तर कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं, आणि इंडेफिनिट लीव्ह (इथे कायम राहायची परवानगी) असेल तर पॅरिश काउन्सिलला उभं पण राहता येतं, वय अठरा पूर्ण आणि गावच्या यादीत नाव, किंवा वर्षभर तीन मैलांच्या आत राहणं पुरतं. निवडणूक बहुतेक वेळा होतच नाही, जागांपेक्षा माणसं कमी असतात, मग उरलेल्या जागा काउन्सिल स्वतःच भरते. आमच्याकडे आत्ता दोन जागा रिकाम्या आहेत, फॉर्म क्लार्कबाईंकडे मिळतो, मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी असतात.