यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मराठवाड्यातल्या जुन्या छापखान्यांचं, डीटीपी सेंटरांचं काम अजूनही साडेतीन इंची फ्लॉप्यांत अडकलेलं आहे. ते बाहेर काढायला ही ड्राइव्ह पुरते, पण फक्त १.४४ एमबी आणि ७२० केबीच्या फ्लॉप्यांसाठी. सव्वापाच इंची असेल तर हिचा विचारच नको.

केबल थेट कॉम्प्युटरला लावा. वेगळी वीज नसलेल्या साध्या यूएसबी हबवर मोटर फिरताना वीज कमी पडते आणि ड्राइव्ह मध्येच गायब होते.

खरा त्रास बुरशीचा. पत्र्याची झडप सरकवून उजेडात बघा; पांढरट ठिपके दिसले तर फ्लॉपी तशीच घालू नका. इथे वाचणारं हेड तबकडीला टेकूनच चालतं, त्यामुळे बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही चरे पाडते. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं. इअरबड त्यात जेमतेम ओलं करून, मधली चकती बोटाने फिरवत दोन्ही बाजू पुसा, पूर्ण वाळू द्या. झडप वाकलेली असेल तर ती काढूनच आत घाला, नाहीतर फ्लॉपी आत अडकते. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळे काढलेल्या फ्लॉपीचं कवचही कधी कधी वाकलेलं असतं.

घालण्याआधी कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जात नाही. विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा. बहुतेकदा सुरुवातीच्या ट्रॅकवरची (तबकडीवरच्या पहिल्या वर्तुळावरची) फाइलींची यादी गेलेली असते, मजकूर जागेवर असतो. फाइली कॉपी करत बसू नका; लिनक्सवर डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने आधी अख्ख्या फ्लॉपीची प्रत घ्या. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत ८० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकवर १८ सेक्टर (तुकडे), प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे प्रत १४,७४,५६० बाइटची हवी. अडलेले सेक्टर दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघा. लिहिणाऱ्या ड्राइव्हचं हेड तिरकं असेल तर एखादी फ्लॉपी एकीवर रुसते, दुसरीवर चालते. काय वाचून झालं याची नोंद ठेवणारी डीडीरेस्क्यूची मॅप फाइल तीच ठेवली की उरलेलेच सेक्टर पुन्हा वाचले जातात.

एवढं करून पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामची फाइल उघडली तरी अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा खच दिसेल. श्री-लिपी, आकृती या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांचे ते जुने फॉन्ट युनिकोडचे नव्हेत; त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्टचं नेमकं नाव टिपून त्याच फॉन्टचा, मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावा. दुसरा लावला तर जोडाक्षरं आणि रफार बिघडतात.