योगासनं आणि कराटे एकत्र: नऊ महिन्यांनंतर

लेकीला कराटेच्या क्लासला सोडायचं आणि बाहेरच्या बाकावर तासभर मोबाइल बघत बसायचं, याचा कंटाळा येऊन गेल्या जूनमध्ये मीही त्याच क्लासला नाव घातलं. वय 44, नोकरी बँकेत, राहायला नौपाड्यात. योगासनं मात्र सहा वर्षांपासून करते आहे, अय्यंगार पद्धतीची, म्हणजे पट्टा, ब्लॉक असल्या साधनांचा आधार घेऊन. तेव्हा कराटे आपल्याला सोपंच जाणार, असा माझा समज होता.

पहिल्या आठवड्यात फायदा झाला तो बसण्याचा. आमच्या शोतोकान शैलीच्या कराटेचा तास सेइझा या बैठकीने सुरू होतो, म्हणजे आपलं वज्रासनच. बाकीचे मोठे लोक घोटे दुखतात म्हणून चुळबुळत होते आणि मी मजेत डोळे मिटून बसले होते. तेवढंच सुख.

कारण लाथ कमरेच्या वर जाईना! सुप्त पादांगुष्ठासनात, म्हणजे पाठीवर झोपून पट्ट्याने पाय वर ओढायच्या आसनात, माझा पाय सहज नव्वद अंशांच्या पुढे येतो आणि माई-गेरी, म्हणजे समोरची सरळ लाथ, मारताना तोच पाय समोरच्याच्या पोटापाशी अडकतो. कोडं सुटायला महिना गेला. आसनात पायाला वर ओढतो तो पट्टा, मांडी नाही. लाथ मारताना पट्टा कुठून आणणार? मग रोज सकाळी पाय वर आला की पट्टा सोडून तो तिथेच पाच श्वास धरायचा, असं सुरू केलं. पहिले काही दिवस मांडीत असे गोळे आले की नवरा घाबरला. पण नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग याच एका गोष्टीचा झाला.

दुसरी अडचण उभ्या पायाची. वृक्षासनात खालचं पाऊल जमिनीत रुतवायचं, हे सहा वर्षं घोटून घेतलेलं. मावाशी-गेरीत, म्हणजे बाजूने फिरवून मारायच्या लाथेत, तेच पाऊल टाच पुढे येईल असं फिरवावं लागतं, नाहीतर कंबर वळत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. सर ओरडायचे, "मॅडम, पाऊल फिरवा!" पण माझं पाऊल फरशीला चिकटलेलं. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहायच्या पवित्र्यातही तसंच. वीरभद्रासन दोनच्या सवयीने मागचं पाऊल आडवं पडायचं आणि कंबर उघडायची. शेवटी ते कंबर समोर ठेवायच्या वीरभद्रासन एकच्या जवळचं आहे असं मनाशी ठरवलं, तेव्हा जमलं.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. सप्टेंबरात उत्साहाच्या भरात रात्री क्लास आणि सकाळी उठल्या उठल्या बसून पुढे वाकायचं लांबलचक पश्चिमोत्तानासन, असं चालवलं होतं. शिवाय क्लासच्या सुरुवातीलाच, अंग गरम व्हायच्या आत, सर पाय फाकवून स्प्लिटला बसवून वरून दाबायचे. एके दिवशी बसायच्या हाडापाशी कळ आली. लोकलमध्ये सीट मिळूनही मी ठाणे ते भायखळा उभी राहायचे, यावरून काय ते समजा. फिजिओथेरपिस्टने सांगितलं की मांडीमागचा स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथलं दुखणं आहे; ताणलं की ते आणखी चिडतं, त्याला ताण नको, जोर हवा. पुढे वाकणारी सगळी आसनं बंद आणि पाठीवर झोपून कंबर उचलायचं सेतुबंधासन धरून ठेवायचं. बरं व्हायला अडीच महिने लागले. सरांना बिचकत बिचकत सांगितलं, तर त्यांनी स्प्लिट तासाच्या शेवटी नेलं. लाथांच्या आधी खूप वेळ स्नायू ताणून धरले की काही वेळ जोरही कमी पडतो, हे आता कळतंय.

सध्या सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी क्लास. त्या दिवशी सकाळी फक्त उभी आसनं, रात्री घरी आल्यावर दहा मिनिटं भिंतीला पाय टेकून विपरीत करणी. लांब ताण फक्त मंगळवारी आणि शनिवारी. पावसाळ्यात मॅट वाळत नाही, तेव्हा सरळ सतरंजी.

श्वासाचं अजून जमलेलं नाही. योगात नाकाने लांब सोडते आणि कुमितेत, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या लढतीत, समोरून हात आला की श्वास धरूनच ठेवते, दोन मिनिटांत धापा. प्राणायामाने दम वाढेल असं कोणी सांगत असेल तर माझा अनुभव तसा नाही. दम वाढला तो जिने चढून.

सासऱ्यांना हे मिश्रण पटत नाही. "योग म्हणजे शांती, त्यात मारामारी कशाला?" मी म्हटलं, 1924मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद आधी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली जुम्मादादा व्यायामशाळेत देशी व्यायाम शिकले होते, म्हणजे योगाच्या आधी आखाडाच. त्यावर ते म्हणाले, "त्यांना गुडघेदुखी नसेल."

कराटेचा पिवळा पट्टा मिळालाय. लाथ आता बरगड्यांपर्यंत जाते. घरी लेक पॅड धरते आणि दर वेळी म्हणते, "आई, अजून वर." मी म्हणते, "तू पॅड खाली घे."