पॉड झकास, पण दाराची भोकं आधी बघून घ्या

माझी बँकेतली नोकरी राधानगरीला आणि घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. म्हणजे रोज सकाळी पुईखडी, हळदी, भोगावती करत सव्वा-दीड तास गाडीत आणि संध्याकाळी तेवढाच परत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या पुढं लागल्या की दोन तासही जातात. काचा बंद असल्या तरी त्या ट्रॅक्टरवरचे बॉक्स मला माझ्या गाडीतल्या गाण्यापेक्षा जास्त ऐकू यायचे. मी ऐकते जयपूर-अत्रौलीचे ख्याल. अल्लादियाखाँसाहेब इथं दरबारी गायक होते म्हणून आम्ही कोल्हापूरकर त्या घराण्यावर थोडा जास्तच हक्क सांगतो. पण नऊ वर्षांच्या छोट्या हॅचबॅकमध्ये तानपुरा म्हणजे डास आणि डग्गा म्हणजे पुठ्ठ्यावर टिचकी.

चांगले साडेसहा इंची स्पीकर आणले तर ते दारात बसेनात. काच पूर्ण खाली केली की आत जेमतेम 50 मिलिमीटर जागा, आणि नव्या स्पीकरची खोली 65. काच येऊन चुंबकाला थटणार. दोन दुकानांनी 'पातळ स्पीकर घ्या' म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्यानं उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं पाठवलं. फायबरचे पॉड, म्हणजे दारावर बसणारे फुगीर खोके, करून स्पीकर दारातून बाहेर, आपल्या सीटच्या बाजूला आणून देतात, म्हणाला.

शेडला पाटी नाही. बाजूला लेथ, समोर कास्टिंगचे ढीग. मी आत गेल्यावर पोरानं माझ्या मागं बघून विचारलं, "सायेब येणार हाईत काय?"

"मीच आलोय की," म्हटलं.

मिस्त्री मूळचे पॅटर्नवाले. फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न (साचा पाडायचे नमुने) करण्यात त्यांची पंचवीसएक वर्षं गेली. मला हे काम आवडण्याचं निम्मं कारण तेच आहे. पॅटर्नवाल्याच्या डोळ्याला 'सुटणं' दिसतं, म्हणजे वस्तू साच्यातनं न अडकता निघायला कुठल्या बाजूला किती उतार हवा ते. माझे पॉड दाराच्या पत्र्यावर पक्के चिकटवलेले नाहीत, आतून चार नटबोल्टवर आहेत. उद्या गाडी विकली तर काढून ठेवता येतील.

त्यांनी आधी मला गाडीत बसवलं. "नेहमी बसता तसंच बसा, फोटो काढाय बसल्यागत नको." दाराला शाडूचा गोळा लावून दार चार वेळा आपटून बंद केलं. गोळा जिथं दबला तिथं सीटचा लिव्हर लागणार, हे कळलं. मग स्पीकर बसायच्या गोल लाकडी कड्या काठ्यांवर उभ्या करून कोन धरला. कडी वॉटरप्रूफ प्लायची. एमडीएफ स्वस्त पडतो, पण दारात पाणी येतं आणि तो फुगतो, असं त्यांचं म्हणणं. मी उजवा स्पीकर माझ्या तोंडाकडं वळवा म्हणत होते. ते म्हणाले, मग डावा ऐकूच येणार नाही. दोन्हीची तोंडं मधल्या आरशाच्या दिशेनं ठेवली. बरोबर होतं त्यांचं. ड्रायव्हरला उजवा स्पीकर जवळ आणि डावा लांब. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, तेव्हा अर्धा मीटर फरक म्हणजे दीड मिलिसेकंद. तेवढा उशीर मी नंतर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये उजव्याला लावला आणि गायिका दारातून उठून समोर डॅशबोर्डवर येऊन बसली.

पुढचं काम मी दोन शनिवार बघितलं. दाराच्या पॅनेलवर मास्किंग टेप, त्यावर मेणाचा हात, कडीवरून ताणलेलं बनियनचं होजिअरी कापड. (मी घरातली इचलकरंजीची चादर नेऊ का विचारलं होतं. पोरगं हसलं. ती ताणत नाही, वळणावर चुण्या पडतात.) त्यावर रेजिन. ताठ झालेल्या कापडाला आतून काचतंतूच्या मॅटचे (चौरस मीटरला 450 ग्रॅमची) तीन थर. हार्डनर ते इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून घालतात, शंभर ग्रॅमला एक-दीड मिलिलिटर, ऊन असेल तर कमी. कोबाल्टची, म्हणजे रेजिन लवकर घट्ट करणाऱ्या द्रवाची, बाटली शेडच्या दुसऱ्या टोकाला. ती आणि हार्डनर थेट एकत्र आले तर पेट घेतात, म्हणून आधी एक रेजिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं. वासानं डोकं धरतं आणि घासकामाची धूळ मानेला लागली की रात्रभर खाज. लांब उभे राहा.

आता तक्रारी. पाच दिवस म्हणाले होते, सोळा लागले. मी मूर्खासारखी जूनच्या शेवटी गेले. दमट हवेत मॅट ओल धरते, थर पांढुरका दिसतो आणि वरून चिकट राहतो. एक पॉड त्यांनी स्वतःहून फोडून टाकला आणि हॅलोजन लावून नव्यानं केला. "घाई केली की रेजिन रुसतंय, मॅडम." हे मला पटलं. पण फोन न उचलणं पटलं नाही. दोन आठवडे मी सोललेल्या दारांची गाडी चालवत होते, आतलं हँडल नुसत्या केबलवर लोंबतंय, आणि बँकेचा शिपाई रोज विचारतोय, "मॅडम, ॲक्सिडेंट झाला?"

दुसरी तक्रार मोठी. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात. स्पीकरचा पडदा पुढं ढकलतो तेव्हा मागं ओढतो, आणि मागचा उलटा आवाज त्या भोकांतून पुढं आला की खर्ज खाऊन टाकतो. म्हणून भोकं बुजवून पत्र्यावर ब्यूटाइलच्या (चिकट रबरी) शीट मारतात. पोरानं उत्साहाच्या भरात दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही बुजवली. काचेवरून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते तिथूनच बाहेर जायचं असतं. जुलैत राधानगरीच्या पावसात तीन दिवस फिरले आणि चौथ्या दिवशी ब्रेक मारला की डाव्या दारात कळशी हिंदकळल्यासारखं व्हायला लागलं. परत नेली. मिस्त्रींनी वाद घातला नाही, भोकं मोकळी केली, पोराला माझ्यासमोर झापलं, पैसे घेतले नाहीत. प्लायची कडी भिजूनही फुगली नव्हती, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं.

आणि एक गोष्ट, जी ऐकून कुणाचा धंदा बसू नये. ब्यूटाइल मारल्यावर दोन दिवस जुनेच स्पीकर लावून गाडी दिली होती. तेव्हाच डग्गा डग्ग्यासारखा झाला होता. दोन दारांच्या शीटचे 2,400 गेले. पॉडच्या जोडीचे, लांबी (पुट्टी), घासकाम, काळं रेक्झिन धरून 11,000. पॉडमुळं मोठा स्पीकर बसला, आवाज पोटरीवरून कानाकडं आला, तानपुऱ्याच्या खर्जाची तार वेगळी ऐकू यायला लागली. खोटं कशाला बोलू, फरक आहे. पण पहिली उडी त्या 2,400 ची होती. हात आखडता असेल तर तेवढंच करून बघा. दारातला बाटलीचा खण गेला, आणि शेजारी बसणाऱ्या सासूबाईंचा गुडघा डाव्या पॉडला लागतो. त्या आता मागं बसतात.

रेक्झिनची शिवण मात्र बघण्यासारखी. वळणावर एक चुणी नाही. गाडी ताब्यात देताना पोरानं त्याच्या मोबाइलवरचं मिरवणुकीतलं गाणं लावलं, "मॅडम, डॉल्बी ऐका की." मी माझा भूप लावला. मिस्त्री बोनेटला टेकून आलापभर ऐकत राहिले, मग बोटानं उजवा पॉड दाबून म्हणाले, हितला एक बोल्ट अजून घट्ट करतो.

मी मागच्या दारांचंही विचारलं होतं. "मागं कोण बसतंय?"

"सासूबाई."

"मग नगो. पेट्रोलला हुतील."